वन्य पशूंविषयीं लोकांचें मन कसें जाणावें?

एखाद्या गोष्टीविषयीं लोकांचें मत काय आहे हें जाणावयाचें असेल तर लोकांस विचारावें, यापरतें सोपें काय असणार, असें कोणासही वाटेल. बाजारांत भाजीचा भाव विचारतों तसें उद्यानाच्या दारांत उभें राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांस विचारावें, "काय हो, रानांतील जनावरांविषयीं आपणांस काय वाटतें?" उत्तरें लिहून घ्यावीं, त्यांची बेरीज करावी, आणि शेंकडा इतके लोक जनावरांचे मित्र व शेंकडा इतके शत्रु असें जाहीर करावें. परंतु लोकमताची पाहणी हें आतां एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसलें आहे, आणि त्या शास्त्राचा पहिला धडा हा कीं, वरील रीतीनें केलेल्या बेरजेस फारसा अर्थ नसतो. तो कां नसतो, व अर्थ यावा म्हणून काय करावें लागतें, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं येथें सांगण्याचें योजिलें आहे. वडील मंडळींनीं वाचल्यास त्यांचाही वेळ फुकट जाणार नाहीं अशी आशा आहे. कारण मुलांस उद्यानांत घेऊन जाणारे तेच.

राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें ज्यांच्या हातीं असतात त्यांस पदोपदीं असे निर्णय घ्यावे लागतात कीं, ज्यांच्या एका अंगास जनावराचा जीव व दुसऱ्या अंगास माणसाचा जीव असतो. कोणती पायवाट बंद करावी, माकडांस खाऊ घालणारांस दंड करावा कीं त्यांची समजूत घालावी, वस्तीजवळ बिबट्या दिसला तर पिंजरा लावावा कीं लावूं नये, हे प्रश्न केवळ कचेरींत बसून सुटत नाहींत. त्यांवर लोकमताचा भार पडतो. तो भार खरोखर पुष्कळांच्या मताचा आहे कीं चार मोठ्या आवाजांचा आहे, हें नीट केलेल्या पाहणीवांचून कळत नाहीं. आणि वाईट रीतीनें केलेली पाहणी तर त्या चार आवाजांसच आंकड्यांचा पोशाख चढविते.

ह्या बाबतींत मला सर्वांत बोधप्रद वाटलेली पाहणी अमेरिकेंतील आहे, म्हणून तिच्यापासून आरंभ करूं. यूटा संस्थानांत 'ग्रेट सॉल्ट लेक' नांवाचें खाऱ्या पाण्याचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचें नांव अँटिलोप बेट. तेथें १८९३ सालीं बारा बायसन नेऊन सोडण्यांत आले. बायसन म्हणजे आपल्या गव्याच्या कुळांतला, पण खांद्यावर मोठें वशिंड व दाट आयाळ असलेला प्रचंड पशु. त्या बारांची प्रजा आज तेथें शेंकड्यांनीं चरत असते. त्याखेरीज लांब कानांचीं म्यूल जातीचीं हरणें व प्राँगहॉर्न नांवाचीं अत्यंत चपळ जनावरें तेथें आहेत. बेटावर लोक पायीं हिंडतात, सायकलवरूनही हिंडतात. ऑड्रे टेलर व रिचर्ड नाइट ह्या दोन अभ्यासकांनीं ह्या बेटावर दुहेरी काम केलें व त्याचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध केला.

दुहेरी म्हणजे असें. प्रथम त्यांनीं जनावरांचें मत घेतलें. जनावराचें मत घेण्याची रीति म्हणजे अंतर मोजणें. माणूस वाटेनें येत असतां तो कांहीं अंतरावर आला म्हणजे हरण चरणें थांबवितें, मान वर करतें, कान टवकारतें. हें एक अंतर. माणूस आणखी पुढें आला कीं तें पळ काढतें. हें दुसरें अंतर. असें वारंवार मोजलें म्हणजे कोणत्या जातीच्या जनावरास माणूस किती जवळ आलेला चालतो हें आंकड्यांत सांगतां येतें. वाटेपासून शंभर मीटरांच्या आंत असलेलें जनावर वाटेवरील माणसास पाहून पळण्याचा संभव शेंकडा ७० निघाला. पायीं चालणारा व सायकलवाला यांच्यांत जनावरांनीं फारसा भेद केला नाहीं. इतकें झाल्यावर अभ्यासक माणसांकडे वळले, व बेटाच्या आंतल्या वाटांनीं हिंडणाऱ्या ६४० लोकांस त्यांनीं प्रश्न विचारले.

सुमारें निम्म्या लोकांचें म्हणणें असें पडलें कीं, आमच्या हिंडण्याफिरण्यानें जनावरांस कांहीं उपद्रव होत नाहीं. जनावराच्या किती जवळ जाणें योग्य, ह्या प्रश्नास लोकांनीं सामान्यतः जें अंतर सांगितलें, तें जनावरें प्रत्यक्षांत माणसास जितकें जवळ येऊं देतात त्याहून कमी होतें. म्हणजे लोकांच्या मतें जेथें उभें राहणें सभ्यपणाचें, तेथें माणूस पोहोंचण्यापूर्वींच जनावर निघून गेलेलें असावयाचें. तिसरी गोष्ट मला सर्वांत मार्मिक वाटते. जनावरांस होणाऱ्या त्रासाचा दोष लोक बहुधा दुसऱ्या वर्गावर ठेवीत, स्वतःकडे घेत नसत. गांवच्या विहिरीवरचें भांडण ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. घाण सर्वांस दिसते, करणारा मात्र नेहमीं पलीकडच्या आळींतला असतो.

हे लोक खोटें बोलत होते असें कोणी समजूं नये. हरणानें मान वर केलेली त्यांनीं पाहिलेली असते, परंतु तिचा अर्थ 'आतां चरणें बंद' असा आहे हें त्यांस ठाऊक नसतें. उलट हरणानें आपणांकडे पाहिलें याचाच त्यांस आनंद होतो. दर खेपेस पळण्यांत जनावराची शक्ति जाते, चरण्याचा वेळ जातो, आणि दिवसांत अशीं दहा माणसें आलीं म्हणजे तो हिशेब लहान राहत नाहीं. आतां कल्पना करा कीं, अभ्यासकांनीं नुसते प्रश्नच विचारले असते. मग 'निम्म्या लोकांच्या मतें उपद्रव नाहीं' एवढा एक आंकडा हातीं आला असता, व त्यावरून एखाद्या घाईच्या माणसानें उपद्रव नाहींच असें अनुमान काढलें असतें. जनावरांनीं दिलेलें उत्तर शेजारीं मांडलें म्हणून कळलें कीं, तो आंकडा जनावरांच्या स्थितीचा नसून माणसांच्या समजुतीचा आहे.

समजुतींतील ही चूक कधीं कधीं समजुतदाराच्या अंगावर येते. त्याच देशांत यलोस्टोन नांवाचें १८७२ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथेंही बायसन आहेत, आणि १९८३ ते १९८५ ह्या तीन वर्षांत त्यांनीं ३३ माणसांस जखमी केलें. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं लोकशिक्षणाची मोहीम हातीं घेतली, व २०१० ते २०१४ ह्या काळांत असे प्रसंग वर्षास सरासरी एकाहूनही कमी राहिले. बायसनपासून निदान २५ यार्ड दूर राहावें असा तेथील नियम आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडें अधिक, असें आपल्या मुलांस सांगितलें म्हणजे पुरे. तरी २०१५ सालीं पुन्हां पांच जणांस इजा झाली, आणि त्यांतील तिघे तीन ते सहा फुटांवर उभे राहून छायाचित्रें घेत होते. शांतपणें चरणारा पशु घरच्या बैलासारखा दिसतो, आणि हातांत मोबाइल असला कीं पावलें आपोआप पुढें पडतात. ह्या मंडळींस आदल्या दिवशीं दारांत कोणी नियम विचारला असता तर तो त्यांनीं बरोबर सांगितला असता, अशी माझी अटकळ आहे.

दुसरी अडचण 'मत' ह्या शब्दांतच आहे. येल विद्यापीठाचे स्टीफन केलर्ट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकन लोकांच्या वन्य पशूंविषयींच्या वृत्तींचा मोठा अभ्यास केला व त्यांचे प्रकार पाडले. कोणी जनावराकडे उपयोगाच्या दृष्टीनें पाहतो, कोणी सौंदर्याच्या, कोणी जिज्ञासेच्या. कोणास त्याचा लळा लागतो, कोणास त्याचे हाल करणें हा अधर्म वाटतो, कोणास त्यावर मात करण्यांत पुरुषार्थ वाटतो, आणि कोणास केवळ भीति किंवा किळस वाटते. एकाच माणसाच्या ठिकाणीं ह्यांपैकीं तीन-चार वृत्ति सुखानें नांदूं शकतात. हरणाच्या पाडसास पाहून जिचे डोळे पाणावतात तीच गृहिणी सापाचें नांव काढतांच काठी मागते. तिला 'आपलें प्राण्यांवर प्रेम आहे काय?' असें विचारलें तर ती होय म्हणेल, आणि तें खरेंही असेल. पण त्या उत्तराचा उपयोग शून्य. म्हणून प्रश्न मोघम नसावा. अमुक जनावर, अमुक ठिकाणीं, अमुक करीत असतां आपल्या समोर आलें, असा प्रसंग बांधून विचारावा.

आतां हीच विद्या आपल्या ओळखीच्या ठिकाणीं कशी लावावी तें पाहूं. बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलेलें असेल. क्षेत्रफळ सुमारें १०४ चौरस किलोमीटर. आंत तुळशी व विहार हे तलाव, कान्हेरीचीं लेणीं, वारली व इतर आदिवासींचे पाडे. आणि भोंवतालीं मुंबई व ठाणें हीं दोन अफाट शहरें. ह्या जंगलांत बिबटे राहतात. २०१५ सालीं स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं केलेल्या मोजणींत उद्यान व त्याच्या लगतचा भाग मिळून ३५ निरनिराळे बिबटे त्यांच्या अंगावरील ठिपक्यांवरून ओळखण्यांत आले. तरी दिवसां येणाऱ्या पाहुण्यास बिबट्या सहसा दिसत नाहीं. दिसतात तीं माकडें व हरणें. म्हणजे पाहुण्याच्या मनांत दोन जनावरें असतात, एक न दिसणारें, ज्याचें भय वाटतें, व एक दिसणारें, ज्याच्या हातावर केळें ठेवावेंसें वाटतें. पाहणींत दोहोंविषयीं विचारलें पाहिजे.

प्रथम हें ठरवावें कीं, विचारावयाचें कोणास. विद्यार्थ्यास मोकळें सोडलें तर तो हंसतमुख दिसणाऱ्या गृहस्थाकडे जातो, घाईंतल्यास टाळतो, आणि कपाळावर आठी असलेल्याच्या वाटेसही जात नाहीं. अशानें प्रसन्न लोकांचें मत तेवढें गोळा होतें. १९३६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत 'लिटररी डायजेस्ट' ह्या साप्ताहिकानें सुमारें एक कोटी मतपत्रिका टपालानें पाठविल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, व त्यांवरून लँडन निवडून येणार असें त्यानें भाकीत केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांस ४८ पैकीं ४६ संस्थानें मिळालीं. पत्ते मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि उत्तर देण्याची तसदी घेणारे लोक न घेणाऱ्यांसारखे नव्हते. त्याच वेळीं जॉर्ज गॅलप यांनीं त्याहून कितीतरी थोड्या, पण पद्धतशीर निवडलेल्या लोकांस विचारून निकाल बरोबर सांगितला.

तेव्हां दारांतून आंत येणाऱ्या प्रत्येक दहाव्या माणसास विचारावें, मग तो कसाही दिसो. रविवारच्या सहलीचे लोक निराळे व रोज पहांटे फिरावयास येणारे निराळे. म्हणून वार व वेळा दोन्ही बदलून घ्यावे. कुटुंब आलें कीं उत्तर बहुधा वडील देतात. आई पिशव्या सांभाळते व मुलें गप्प उभीं राहतात. हें टाळण्यासाठीं, त्या मंडळींतील ज्या प्रौढ माणसाचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला असेल त्यास विचारावें, अशी एक युक्ति आहे. ज्या आजीबाईंस आपली जन्मतिथीच ठाऊक नाहीं त्यांच्यापुढें ती लंगडी पडते. तेथें चिठ्ठ्या टाकाव्या. उत्तर देण्याचें नाकारणारे किती, हेंही न चुकतां लिहून ठेवावें. शंभर जणांस विचारलें तर हातीं येणारी शेंकडेवारी खऱ्यापेक्षां सुमारें दहांनीं इकडे किंवा तिकडे असूं शकते, आणि ही चूक निम्म्यावर आणावयाची तर दोनशें पुरत नाहींत, चारशें लोकांस विचारावें लागतें. असें कां, तें मुलांनीं गणिताच्या शिक्षकांस विचारावें. त्यांस आनंद होईल.

मग प्रश्नाची भाषा. पुढील दोन प्रश्न पाहा. "बिबट्यासारख्या हिंस्र श्वापदानें माणसांच्या वस्तीजवळ राहावें हें आपणांस मान्य आहे काय?" आणि, "ज्या जंगलांत बिबट्या पिढ्यान्‌पिढ्या राहत आला तेथें त्यास सुखानें राहूं द्यावें काय?" पहिल्यास शंभरांपैकीं बहुतेक नाहीं म्हणतील, दुसऱ्यास बहुतेक होय म्हणतील, आणि तीं माणसें तींच असतील. प्रश्नानेंच उत्तर बोटाला धरून आणलें आहे. याऐवजीं असें विचारावें : "उद्यानाबाहेरील रस्त्यावर रात्रीं बिबट्या दिसला, पण त्यानें कोणास इजा केली नाहीं, असें आपण ऐकलें. अशा वेळीं वनखात्यानें काय करावें?" आणि चार उत्तरें वाचून दाखवावीं : कांहीं करूं नये, पाळत ठेवून लोकांस सावध करावें, पकडून दूरच्या जंगलांत सोडावें, पकडून कायमचें कोंडावें. नंतर हाच प्रश्न बिबट्यानें कुत्रें नेलें अशा प्रसंगाविषयीं, व पुन्हां त्यानें माणसावर हल्ला केला अशा प्रसंगाविषयीं विचारावा. एकाच माणसाचीं तीन उत्तरें तीन प्रकारचीं येतात, व तो कोठें वळतो हें पाहण्यांतच पाहणीचें सार आहे.

ह्या चारांतील तिसरें उत्तर, पकडून दूर सोडण्याचें, कोणाही भल्या माणसास आवडेल. त्यांत बिबट्याही जगतो व माणूसही सुटतो, असें दिसतें. पुणें जिल्ह्यांतील जुन्नरच्या परिसरांत उंसाच्या शेतांतून बिबटे राहतात. तेथें २००१ ते २००३ ह्या काळांत पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यांत आले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं त्या सर्व प्रकरणाच्या नोंदी तपासून २०११ सालीं निबंध प्रसिद्ध केला. हा क्रम सुरू होण्यापूर्वीं माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ झाले. हल्ल्यांपैकीं प्राणघातक ठरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १८ होतें तें ३६ झालें. परक्या मुलखांत एकाएकीं सोडलेलें, पिंजऱ्यांत धडपडून घाबरलेलें जनावर तेथें स्वस्थ बसत नाहीं. आणि त्याची मूळ जागा रिकामी झाली कीं तेथें दुसरा बिबट्या येऊन राहतो. उलट अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत अकोल्याच्या बाजूस त्याच अभ्यासकांस १०० चौरस किलोमीटरांत सुमारें ५ बिबटे आढळले. तेवढ्याच जागेंत तेथें दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसें राहत होतीं, व बिबट्यांच्या आहाराचा मोठा भाग कुत्र्यांचा होता. ह्याचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला.

मग पाहणींत बहुमत तिसऱ्या उत्तरास पडलें तर वनखात्यानें पिंजरे आणावे काय? मला वाटतें, पाहणी ही निवडणूक नव्हे, व तिच्या बेरजेस हुकुमाचें स्वरूप देणें चुकीचें होईल. औषधाविषयीं रोग्यांचें मत घ्यावें तें त्यांस काय भय वाटतें हें कळावें म्हणून. मात्रा किती द्यावी हें त्यावरून ठरत नाहीं. म्हणून मताच्या प्रश्नापाठोपाठ माहितीचा एक प्रश्न अवश्य घालावा : "पकडलेला बिबट्या दूर सोडल्यावर पुढें काय होतें असें आपणांस वाटतें?" हा प्रश्न मताच्या प्रश्नानंतर यावा, आधीं येऊं नये, आधीं आल्यास उत्तर देणारा सावध होतो व त्याचें मूळचें मत आपल्या हातून निसटतें. तिसरें उत्तर देणाऱ्या लोकांस जुन्नरची हकीकत ठाऊक नाहीं असें निघालें, तर काम कोठून सुरू करावयाचें हें कळलें. २०११ सालीं ह्या उद्यानाच्या संबंधांत वनखातें, अभ्यासक व नागरिक यांनीं मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम आरंभिला. त्यांत बिबट्यांचा अभ्यास झालाच, पण बातम्या लिहिणाऱ्या पत्रकारांसाठीं सभाही घेण्यांत आल्या.

मात्र येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें मला बरें वाटत नाहीं. २००४ सालीं ह्याच उद्यानाभोवतीं बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत लहान मुलें होतीं. ज्या घरांतील मूल गेलें त्या घरीं जाऊन जुन्नरचे आंकडे वाचून दाखविण्यास माझें तोंड होणार नाहीं. त्या घरच्या माणसानें चौथें उत्तर दिलें, तर ज्ञान थोडें म्हणून तें दिलें असें लिहिणारी पाहणी वाईट पाहणी होय. यास्तव प्रश्नावलीच्या शेवटीं एक ओळ कोरी ठेवावी, आणि 'आपल्या किंवा आपल्या जवळच्यांच्या बाबतींत असा कांहीं प्रसंग घडला आहे काय?' एवढें विचारून जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें. कोणी सांगूं इच्छीत नसेल तर आग्रह करूं नये.

इकडे दारांत प्रश्न चालले असतां विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी आंत, माकडें जेथें जमतात तेथें, उभी असावी. तिनें कोणास कांहीं विचारावयाचें नाहीं. केवळ पाहावयाचें व मोजावयाचें. झाडांच्या आधारानें पांच, दहा व वीस पावलांच्या खुणा आधींच ठरवून ठेवाव्या. किती माणसें गेलीं, किती खुणेच्या आंत गेलीं, किती जणांनीं खाण्याचें कांहीं दिलें, तें हातानें दिलें कीं फेंकलें, आणि देणारा मोठा होता कीं मूल, एवढ्या नोंदी पुरेत. नांवें घेऊं नयेत, छायाचित्रें काढूं नयेत, व आपल्या ओळखीचें कोणी दिसल्यास घरीं चुगली करूं नये. माकडास खाऊ घालणाऱ्याच्या मनांत बहुधा दयाच असते. परंतु खाऊची चटक लागलेलें माकड पुढें पिशवी ओढतें, बोचकारतें, चावतें. मग ओरड होते, आणि त्या दयेची किंमत माकडास भरावी लागते. दारांत 'वन्य प्राण्यांस खाऊ घालूं नये' असें म्हणणारे शेंकडा किती व आंत खाऊ घालणारे शेंकडा किती, हे दोन आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे अँटिलोप बेटावर काय घडलें तें पुस्तकावांचून समजेल.

दारांत कितीही नीट उभें राहिलें तरी एक वर्ग तेथें सांपडावयाचा नाहीं. हे लोक तिकीट काढून आंत येत नाहींत, कारण ते आंतच राहतात. पाड्यांतील वारली लोक वाघोबास मानतात. वाघाची किंवा बिबट्याची आकृति कोरलेले लांकूड वा दगड हें त्याचें स्थान, आणि वाघबारशीस त्याची पूजा होते. मुंबई उपनगर, ठाणें व पालघर ह्या भागांतील अशा स्थानांचा व त्यांसंबंधींच्या समजुतींचा एक अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला आहे. ह्या लोकांस 'बिबट्या आपणांस आवडतो काय?' असें विचारणें म्हणजे पावसाळा आवडतो काय असें शेतकऱ्यास विचारण्यासारखें आहे. बिबट्या त्यांचें कोंबडें नेतो, कुत्रें नेतो. त्यांच्याशीं त्याचें जुनें देणेंघेणें आहे. आणि रात्रीं घराबाहेर जावें लागलें तर वाटेंत त्याची गांठ पडण्याची धास्ती ही त्यांस नित्याची आहे. रविवारचा पाहुणा सायंकाळीं घरीं जातो, आणि बिबट्या त्याच सुमारास उठतो. ज्याची जनावराशीं गांठ हौसेनें पडते त्याच्या मताचें, व ज्याची ती नाइलाजानें पडते त्याच्या मताचें, मोजमाप एकाच काट्यानें करणें न्यायाचें नाहीं. म्हणून पाड्यांत जावयाचें तर छापील प्रश्नावली पिशवींतच असूं द्यावी, वडीलधाऱ्या माणसाची परवानगी घ्यावी, खालीं बसावें, व तेच काय सांगतात तें ऐकावें. तेथें सोबत शिक्षक असावेत, व अंधार पडण्यापूर्वीं परतावें.

घरीं आल्यावर मोठ्या कागदावर तीन रकाने आंखावे : पाहुण्यांनीं सांगितलेलें, पाहुण्यांचें पाहिलेलें, व पाड्यांतील लोकांचें ऐकलेलें. हे तीन रकाने एकमेकांत मिळवूं नयेत, व तिहींची मिळून सरासरी तर मुळींच काढूं नये. प्रत्येक रकान्याखालीं किती माणसें, कोणता वार, कोणती वेळ, व किती जणांनीं नकार दिला हें लिहावें. ज्या दिवशीं पाऊस असेल त्या दिवसाच्या कागदांवर निराळी खूण करावी, कारण पावसांत लोक उत्तर देण्यास थांबत नाहींत, आणि जे थांबतात ते इतरांसारखे असतीलच असें नाहीं.